स्टेरॉइड सोडल्यानंतर बिघडलेली संप्रेरके : डॉक्टरांना काय सांगावे?

व्यायामशाळेत झटपट पिळदार शरीर मिळवण्यासाठी घेतलेली इंजेक्शने व गोळ्या बंद केल्या, की विषय संपला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्रास पुष्कळदा त्यानंतरच जाणवू लागतो. सततचा थकवा, ओसरणारे स्नायू, मंदावलेली कामेच्छा, लिंगाला ताठरता न येणे, स्तनांची वाढ, उदासी आणि विवाहानंतर अपत्यप्राप्तीस होणारा विलंब ही त्याची परिचित लक्षणे आहेत. संकोचापोटी रुग्ण ही लक्षणे सांगतो, पण स्टेरॉइडचा उल्लेख टाळतो. तेथेच निदानाची वाट चुकते.

असे का घडते?

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच व एफएसएच ही संप्रेरके स्रवते. त्यांच्या संदेशावरून वृषणात टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू तयार होतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन, नॅन्ड्रोलोन वा स्टॅनोझोलॉल मिळू लागले, की मेंदू हा संदेश थांबवतो. वृषणे लहान होतात, शुक्राणू घटतात. औषध थांबवल्यावर बाहेरचा पुरवठा आटतो, पण आतली निर्मिती लगेच सुरू होत नाही. बहुतेकांमध्ये ती काही महिन्यांत सावरते. दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत औषधे घेतलेल्यांना वर्षभर किंवा अधिक काळ लागू शकतो. काहींमध्ये ती पूर्ववत होतही नाही.

डॉक्टरांना काय सांगावे?

कोणती औषधे, किती मात्रेत, किती काळ घेतली आणि शेवटची मात्रा केव्हा घेतली, हे लिहून न्यावे. जुनी वेष्टने असल्यास सोबत ठेवावीत. नजीकच्या काळात अपत्य हवे असल्यास ते प्रथमच सांगावे, कारण उपचारांची दिशा त्यावरून बदलते. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. आरंभ कुटुंबाच्या डॉक्टरांपासून किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागापासून करता येतो. पुढे अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे जावे लागू शकते.

तपासण्या

टेस्टोस्टेरॉनची पातळी सकाळी सर्वाधिक असते. म्हणून रक्त सकाळी, उपाशीपोटी देतात आणि पातळी कमी आढळल्यास दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यावरून खात्री करतात. सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, यकृताचे कार्य व कोलेस्टेरॉल पाहिले जाते. अपत्याचा प्रश्न असल्यास वीर्यतपासणीही होते. टेस्टोस्टेरॉनसह एलएचही कमी असणे हे पीयूषिका ग्रंथीच्या इतर विकारांतही आढळते. पूर्वेतिहास ठाऊक नसेल, तर डॉक्टरांचा तर्क भलत्याच दिशेने जाऊ शकतो.

काय टाळावे?

थकवा जाण्यासाठी स्वतःहून पुन्हा टेस्टोस्टेरॉन घेणे ही सर्वांत मोठी चूक होय. काही दिवस बरे वाटते, पण मेंदूचा संदेश पुन्हा थांबतो व शुक्राणू आणखी घटतात. क्लोमिफिन किंवा एचसीजीसारखी औषधे तज्ज्ञ निवडक रुग्णांना देतात. व्यायामशाळेतील सल्ल्यावरून ती घेऊ नयेत.

स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे, चेहऱ्यावर केस येणे, आवाज घोगरा होणे ही लक्षणे दिसतात. आवाजातील बदल कायमचा राहू शकतो, म्हणून विलंब करू नये.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. दमा वा संधिवातासाठी डॉक्टर देतात ती प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे वेगळ्या वर्गातील आहेत. दीर्घकाळ घेतलेली ही औषधे एकाएकी थांबवणे धोक्याचे ठरते.

तातडी केव्हा?

छातीत दुखणे, धाप लागणे, एकाच पायाला वेदनेसह सूज येणे किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणे यांपैकी काहीही झाल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्टेरॉइड सोडल्यानंतरचे नैराश्य तीव्र असू शकते. जीव नकोसा वाटल्यास 14416 या 'टेलि-मानस'च्या मोफत क्रमांकावर बोलावे आणि घरच्यांनीही त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.

पूर्वी घेतलेले औषध आता परत काढता येणार नाही. पण त्याची खरी माहिती डॉक्टरांना देणे अजूनही आपल्या हाती आहे. उपचारांचा आरंभ तेथूनच होतो.