बंगळुरूचे तलावकाठ : विहार, व्यापार आणि विकास

बंगळुरूला समुद्रकिनारा नाही आणि शहरातून मोठी नदीही वाहत नाही. शहराला काठ आहे तो तलावांचा. पावसाचे पाणी साठवण्यासाठी पूर्वी बांधलेले हे तलाव ‘राजकालुवे’ या नाल्यांनी परस्परांना जोडलेले असून, वरचा तलाव भरल्यावर पाणी खालच्या तलावात उतरते. शहर वाढले तसे अनेक तलाव बुजले. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मध्यवर्ती बसस्थानक, तर संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे.

उरलेल्या तलावांसाठी कर्नाटक सरकारने २००२ मध्ये तलाव विकास प्राधिकरण स्थापन केले. त्याने हेब्बाळ, नागवारा आदी तलाव खासगी कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिले. कंपनीने तलाव राखावा आणि नौकाविहार, उपाहारगृहे यांतून उत्पन्न मिळवावे, अशी ही योजना. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने ती सोयीची होती. परंतु काठावर प्रवेशशुल्क आले की मासे धरणारे, गवत कापणारे व गुरे चारणारे आपोआप बाहेर राहतात. त्यांचा तलावाशी असलेला संबंध विरंगुळ्याचा नव्हे, उपजीविकेचा आहे. ‘एन्व्हायर्नमेंट सपोर्ट ग्रुप’ या संस्थेने २००८ मध्ये या धोरणाविरुद्ध जनहित याचिका दाखल केली. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी आणखी तलाव खासगी हाती देण्यास मनाई केली आणि २०१२ मध्ये तलाव संवर्धनाबाबत सविस्तर आदेश दिले.

त्यानंतरचा वाद मोकळ्या पट्ट्याच्या रुंदीचा. शहराच्या तेव्हाच्या विकास आराखड्यानुसार तलावाभोवती ३० मीटर जागा बांधकामाविना ठेवावी लागत होती. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१६ मध्ये ही मर्यादा ७५ मीटर केली. मात्र कायद्यानुसार मंजूर झालेला आराखडा लवादाला बदलता येत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला.

दरम्यान बेळ्ळंदूर तलाव सांडपाण्याच्या फेसामुळे देशभर गाजला. फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये तेथे आगही लागली. काठ कितीही रुंद असला तरी नाल्यातून येणारे सांडपाणी त्याने अडत नाही, आणि नालाच आक्रसला तर पावसाच्या पाण्याला वाट राहत नाही. सप्टेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत बेळ्ळंदूर परिसरातील बाह्य वळण रस्ता पाण्याखाली गेला. तेथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ट्रॅक्टरमधून कार्यालय गाठावे लागले, तर काही वसाहतींतील रहिवाशांना बोटींतून बाहेर काढण्यात आले.