गाडीच्या स्प्रिंगला कोणता रंग लावायचा? लाल की पिवळा ते नंतर ठरवा, आधी हे वाचा

लाखनी हे भंडारा जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. नागपूर-रायपूर महामार्ग, म्हणजे पूर्वीचा ६ नंबर आणि आताचा ५३, गावातूनच जातो. हायवेवर गाडी मस्त पळते. पण पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्याला वळलात की चिखल थेट चाकाच्या वर, स्प्रिंगपर्यंत जातो.

मग गाडी धुताना स्प्रिंगवर तांबूस गंज दिसतो आणि वाटतं, एक स्प्रे मारून टाकू. मारा, पण कसा ते समजून घ्या.

गंजाने एवढं काय होतं?

स्प्रिंगचं पोलाद खूप कडक असतं आणि प्रत्येक खड्ड्यात ती दाबून सुटते. रंग उडाला की तिथे गंज लागून बारीक खळगे पडतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. सगळ्यात जास्त चिखल खालच्या वेढ्यात साचतो. तो वेढा तुटला तर त्याचं टोक टायरमध्येही घुसू शकतं. म्हणजे इथे रंगाचं पहिलं काम पाणी बाहेर ठेवणं, शोभा नंतर.

पावडर कोटिंग

सगळ्यात टिकाऊ. पण हा रंग भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला पक्का होतो. तापमान त्याच्या वर गेलं तर कारखान्यात छर्रे मारून स्प्रिंगला दिलेली मजबुती कमी होऊ लागते. त्यामुळे तापमान आधीच विचारा. जुना रंग गॅसच्या ज्योतीने जाळून काढू देऊ नका.

क्रोम

दिसायला भारी, पण स्प्रिंगसाठी धोक्याचं. ॲसिडने धुताना आणि मुलामा चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो. अशी स्प्रिंग नंतर काहीही इशारा न देता तुटू शकते. गंज काढायला ॲसिड वापरू नका, ते याच कारणासाठी.

हाताने रंग

घरच्या गाडीसाठी हा पर्याय पुरेसा आहे. चिखल धुवा, वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने सुटा गंज काढा, थिनरने पुसा. मग इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर चेसिस पेंट किंवा पीयू रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. जाड थर स्प्रिंग दबली की तडकतो आणि आत पाणी धरून ठेवतो. नुसता रेड ऑक्साइड मारून थांबू नका, तो फक्त प्रायमर आहे.

शॉकअपचा चकचकीत दांडा आणि रबर आधी झाकून घ्या. स्प्रिंगवर कंपनीचे रंगीत ठिपके किंवा पट्टे असतील तर फोटो काढून ठेवा. स्प्रिंग किती कडक आहे, त्याची ती खूण असते.

मालवाहू गाडीचे पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये रंग टिकत नाही. तो फक्त बाहेरून द्या.

दोन गोष्टी विसरू नका

स्प्रिंग स्वतः खोलू नका. शॉकअपवर ती दाबून बसवलेली असते. योग्य अवजाराशिवाय सुटली तर जीवावर बेतू शकतं. हे काम मेकॅनिकचंच.

आणि घासल्यावर खोल खळगे किंवा तडा दिसला, तर रंगाचा डबा बाजूला ठेवा. रंगाने तडा झाकला जातो, भरत नाही. अशा वेळी डावी-उजवी दोन्ही स्प्रिंग एकदम बदला.