गावाचे दप्तर

वैजापूरचा इतिहास विचारला असता बहुतेकांच्या तोंडी प्रथम पालखेड येते, आणि ते योग्यच आहे. आपल्याच तालुक्यातील या गावापाशी १७२८ च्या फेब्रुवारीत थोरल्या बाजीरावांनी निजामुल्मुल्काची रसद आणि पाणी तोडून त्याला कोंडीत धरले व ६ मार्च रोजी मुंगी-शेवगाव येथे तह करावयास भाग पाडले. (नाशिककडील धरणाच्या पालखेडाशी याची गल्लत आजही होते.) परंतु लढाई थोड्या दिवसांची, गाव तिच्यापूर्वीही नांदत होते आणि नंतरही नांदत राहिले. त्या तहाने मराठ्यांचा चौथ-सरदेशमुखीचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. म्हणजे खळ्यावरच्या एकाच राशीवर दोन दौलतींची नजर आली. त्या वर्षी कोणत्या मौज्यात किती जमीन पडीक राहिली, तगाई कोणाला मिळाली, पाटीलकीचा तंटा कोणी जिंकला, हे बखरीत सापडत नाही. सापडले तर ते दप्तरात.

इंग्रजांनी या बाबतीत एक गोष्ट फार लवकर केली. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीत, पाद्र्याने बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांची दर आठवड्यास नोंद करावी व ती वही दोन कुलुपांच्या पेटीत ठेवावी. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी गावच्या पंचांकडे. कित्येक वह्या गेल्या, पण पुष्कळ टिकल्या. पुढे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अभिलेखागारांत त्या येऊन बसल्या. १९४८ साली लेस्टरच्या विद्यापीठीय महाविद्यालयात डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभागच उभा केला. त्या वहीत जमीनदाराच्या मुलाशेजारी भिकाऱ्याचे मूलही नोंदलेले असते, आणि तिचे खरे मोल तेथेच आहे.

आपल्याकडे अशी वही नव्हती. म्हणून आपल्याकडे कागद नव्हते असे म्हणणे मात्र साफ चुकीचे. कुलकर्ण्याच्या घरी लावणीचे आणि वसूल-बाकीचे कागद असत. देशमुख-देशपांड्यांकडे परगण्याचा हिशेब असे. तंटा उभा राहिला की गोत जमून महजर होई. हे सारे रुमालात बांधून माळ्यावर ठेवले जाई. का ठेवले जाई? इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. वतन त्या कागदावर उभे होते म्हणून. कागद गेला तर हक्क गेला, ही धास्ती आपल्या दप्तरांची दोन कुलुपे होती.

याचेच दोन परिणाम झाले. पहिला असा, की वतने आणि जहागिरी गेल्या तशी ती धास्तीही गेली. हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या आणि काल ज्यासाठी भाऊबंद कचेरीत भांडत होते तो रुमाल घरातली अडगळ ठरला. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास आरंभ केला आणि वाड्यावाड्यांतून रुमाल मागत ते हिंडले, तेव्हा वतनदाराला कागद देण्याची भीती वाटे. आज मागावयास गेलेल्यास कागद आनंदाने मिळेल; मात्र तो शिल्लक असला पाहिजे, आणि मोडी वाचणारा माणूस बरोबर असला पाहिजे.

वाचकाला तारखाही उलगडता याव्या लागतात. मराठी कागदावर ‘समान अशरीन मया व अलफ’ असे दिसले, तर ते अरबी आकडे आहेत: आठ, वीस, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन ११२८. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी १७२७-२८, पालखेडचेच वर्ष. तेच वर्ष फसली सनात ११३७ होते, कारण तेथे मिळवावयाचे ते ५९० किंवा ५९१. दोन्ही सन मृगापाशी सुरू होतात. शेतकऱ्याचे वर्ष तेच सरकारचे वर्ष. निजामी कागद फारशीत, पुढे उर्दूत. औरंगाबादच्या किले अर्कमधील शाहजहान-औरंगजेबाच्या काळचे दीड लाखाहून अधिक कागद १९१६ मध्ये हैदराबादला गेले. म्हणून आपल्या प्रांताची मोगलाई पाहणाऱ्यास आपला जिल्हा सोडून तेथे जावे लागते.

दुसरा परिणाम मला अधिक खटकतो. हक्कासाठी राखलेल्या कागदात हक्कदारच दिसतात. बिनजमिनीचा मजूर, सालगडी, घरातल्या बायका यांची नावे तेथे क्वचितच येतात. आपल्या शिऊरच्या संत बहिणाबाईंचेच पाहा. वडील देवगावचे कुलकर्णी; म्हणजे दप्तर घरातच. तरी त्यांचे बालपण, लहानपणीच झालेला विवाह, नवऱ्याचा जाच हे आपल्याला कळते ते त्या दप्तरातून नव्हे, त्यांनी स्वतः रचलेल्या आत्मचरित्रपर अभंगांतून. सतराव्या शतकातील किती बायकांना हे साधले असेल?

इंग्रजी वहीच्या थोडी जवळ जाणारी वस्तू आपल्याकडे एकच, ती म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथे गेलेल्या यात्रेकरूचे गाव, वडील, आजा, भाऊ, मुले अशी नोंद तेथे होते. ती हक्कासाठी नव्हे, श्राद्धासाठी आणि उपाध्यायाच्या यजमानकीसाठी. यात्रा न परवडणारा तिच्यातूनही सुटतो, हे खरेच.

या कागदांची गरज केवळ संशोधकाला असते असा समज २०२३ मध्ये पुरता मोडला. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरे बाहेर काढावी लागली. हजारो कुटुंबांचे लक्ष जुन्या कागदावरील एका शब्दाकडे लागले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली.

वैजापुरात ज्यांच्या घरी असा रुमाल असेल त्यांनी तो सोडून कागद आकाराप्रमाणे लावू नयेत. कोणता कागद कोणाशेजारी होता हाही पुरावाच असतो. कापड जीर्ण झाले असल्यास बदलावे, ओल लागू देऊ नये, आणि छायाचित्र घेताना पाठही घ्यावी. शिक्के आणि शेरे पुष्कळदा पाठीवरच असतात.