शाळेमागची शाळा

शाळांचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखणी सहसा एखाद्या थोर नांवाशीं येऊन थांबते. अमक्यानें अमक्या सालीं शाळा काढली, एवढें नमूद केलें कीं आपलें काम संपलें असें आपण समजतों. पण शाळा काढणें निराळें आणि ती चालविणें निराळें. ज्यानें वर्गांत उभें राहून चार मुलांकडून मुळाक्षरें गिरवून घेतलीं आहेत त्याला ठाऊक असतें कीं, एकटा शिक्षक फार काळ पुरा पडत नाहीं. त्याला शिकविणारें कोणी लागतें, त्याची आस्थेनें विचारपूस करणारें कोणी लागतें, आणि ज्या शाळेकडे पाहून धीर यावा अशी दुसरी एखादी शाळाहि लागते. ज्या जिल्ह्याला आज आपण अहिल्यानगर म्हणतों, त्या नगर जिल्ह्याच्या इतिहासांत या गोष्टीचा एक मोठा बोलका दाखला आहे. तोच आज आपणांपुढें ठेवावा असा विचार आहे.

अमेरिकन मिशनचे लोक १८१३ सालीं मुंबईस आले व १८३१ च्या अखेरीस त्यांनीं नगरास ठाणें केलें. या मिशनतर्फें सिंथिया फरार नांवाच्या अविवाहित बाई १८२७ सालीं मुंबईस उतरल्या. मुलींच्या शाळा चालविणें हेंच त्यांचें काम होतें. १८३९ सालीं त्या नगरास आल्या आणि १८६२ सालीं देह ठेवीपर्यंत तेथेंच राहिल्या. धर्मप्रसार हा मिशनचा मूळ हेतु होता हें उघड आहे, व त्याविषयीं प्रत्येकानें आपलें मत खुशाल बाळगावें. परंतु बायकांच्या हातीं अक्षर गेलें तर घरावर अरिष्ट येतें, असें सुशिक्षितहि मानीत त्या काळीं या बाईनें नगरांत मुलींचा वर्ग वर्षानुवर्षें भरविला, ही गोष्ट कोणासहि नाकारतां येणार नाहीं.

ही शाळा पाहावयास पुण्याचा एक विशींतला तरुण आला. त्याचें नांव जोतीराव फुले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरास होते. त्यांच्यासमवेत जोतीरावांनीं ती शाळा पाहिली. या देशांत स्त्रीशिक्षणाची केवढी हेळसांड होत आहे याविषयीं बाईंशीं त्यांचें बोलणेंहि झालें. मुलींना शिकवावें हा विचार पुस्तकांतून मिळूं शकतो; पण मुली ओळीनें बसून वाचीत आहेत, हें दृश्य पुस्तकांत कोठून मिळणार? तें नगरास मिळालें. पुण्यास परत आल्यावर १८४८ सालीं जोतीरावांनीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा उघडली.

शाळा उघडली, पण शिकवावयास कोण? मुलींच्या, त्यांतहि सर्व जातींच्या मुलींच्या शाळेंत पाऊल टाकावयास शिक्षक सहजीं मिळेना. जोतीरावांनीं आपल्या पत्नीस, सावित्रीबाईंस, घरींच शिकविलें होतें. तथापि स्वतःस वाचतां येणें आणि दुसऱ्यास वाचावयास शिकवितां येणें यांत मोठें अंतर आहे. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाचीं दोन ठिकाणें चरित्रकार सांगतात: एक नगर येथील फरारबाईंची संस्था आणि दुसरें पुण्यांतील मिचेलबाईंचें नॉर्मल स्कूल. पुणें व नगर यांत सुमारें पंचाहत्तर मैलांचें अंतर. रेल्वे नव्हती, मुलींना शिकविण्याच्या कामाला प्रतिष्ठा नव्हती. तरी एका गांवच्या शाळेनें दुसऱ्या गांवच्या शाळेला शिक्षिका तयार करून दिली. सरकारला ही गरज कळावयास पुढें बराच काळ जावा लागला. शिक्षकांच्या शिक्षणाची शिफारस करणारा वुडचा खलिता १८५४ चा. स्त्रीशिक्षिकांसाठीं नॉर्मल स्कुलें काढा, म्हणून मेरी कार्पेंटर या विदुषी १८६६ सालीं हिंदुस्थानांत येऊन सांगूं लागल्या. आणि पुण्यास स्त्रियांचें ट्रेनिंग कॉलेज निघालें तें १८७० सालीं.

या सहकार्याचें फळ लवकरच दिसलें. १८५१ व १८५२ या दोन सालांत फुल्यांच्या मंडळीनें पुण्यास मुलींच्या तीन शाळा चालविल्या, आणि १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं विश्रामबाग वाड्यांत सरकारनें जोतीरावांचा सत्कार केला. पण शाळेची खरी परीक्षा शालजोडीनें होत नाहीं, विद्यार्थ्यानें होते. फुल्यांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीनें महार-मांगांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत दोन हप्त्यांनीं छापून आला. हें 'ज्ञानोदय' मुळांत १८४२ सालीं निघालें तें नगरांतच. ज्या गांवच्या शाळेनें पुण्याला वाट दाखविली, त्याच गांवीं जन्मलेल्या पत्रानें पुण्याच्या मुलीची लेखणी महाराष्ट्रापुढें आणली.

पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं जें निवेदन ठेविलें त्यांत या अनुभवाचें सार उतरलें आहे. प्राथमिक शिक्षक शिकून तयार झालेला असावा. त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं पंधरा-वीस असावा. शक्य तों तो शेतकरी वर्गांतला असावा, म्हणजे गांवकऱ्यांत मिसळून त्यांच्या गरजा त्यास कळतील. मोडी, बाळबोध, हिशेब यांबरोबर शेतकी व आरोग्याचे धडे शाळेंत असावे. आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, वर्षांतून एकदां येऊन जाणाऱ्या डेप्युटीचा उपयोग थोडा. शाळांची तपासणी निदान दर तिमाहीस व्हावी, आणि एरव्हींहि आगाऊ वर्दी न देतां शाळा पाहावी. शिक्षकाकडून उत्तम काम हवें असेल तर त्याचें पोट, त्याची प्रतिष्ठा आणि त्याच्या कामावर ठेवावयाची नजर या तिहींची तजवीज एकदम झाली पाहिजे, हा या मागण्यांचा मथितार्थ.

त्यानंतर व्यवस्था पुष्कळ बदलली. १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या हातीं गेल्या; १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. पुढें आसपासच्या दहाएक शाळांचें एक केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख, आणि सर्व शिक्षकांनीं महिन्यांतून एकदां एकत्र बसावें म्हणून शिक्षण परिषद, अशी रचना झाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पालकांची व्यवस्थापन समितीहि शाळेस दिली. जोतीरावांनीं मागितलेलें बरेंचसें आज नियमांत आहे.

नियमांत आहे, पण तें वर्गांत उतरतें कां, हा खरा प्रश्न. तपासणी करणारा मदत करावयास येतो कीं तक्ते भरून घ्यावयास येतो? परिषदेस जमलेले शिक्षक एकमेकांस अडलेला धडा विचारतात, कीं परिपत्रकें वाचून घरीं जातात? भागाकारांत चुकणारें मूल पाहून शेजारच्या गांवचा मास्तर 'मी हें असें करून पाहिलें' म्हणून सांगतो, त्या घटकेस केंद्र सार्थकीं लागतें. एरव्हीं तो केवळ जोडलेल्या शाळांचा आंकडा.

आपण शहरांतील पालक मुलाचें प्रगतिपुस्तक पाहतों आणि गुण थोडे दिसले कीं मास्तरला दोष देतों. तो दोष कधीं खराहि असेल. पण देण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा: या मास्तरला मदत कोणाची आहे? नगरच्या त्या बाईंनीं आणि पुण्याच्या त्या दांपत्यानें या प्रश्नाचें उत्तर सरकारच्या आधीं दिलें होतें. ज्या शिक्षिकेच्या पाठीशीं दुसरी शाळा उभी होती, तिच्या पाठोपाठ देशाच्या मुली उभ्या राहिल्या.