जुन्या मोटारसायकलीचं 'पासिंग'

'पासिंग' हा शब्द दिसायला इंग्रजी आहे, पण ज्या अर्थानं आपण तो वापरतो त्या अर्थानं इंग्रज माणूस तो वापरत नाही. नाशिकमध्ये कुणी म्हणतं, "गाडी एमएच पंधरा पासिंगची आहे." तिथे पासिंग म्हणजे नोंदणी. तोच माणूस पुढच्या वाक्यात म्हणतो, "टेम्पोचं पासिंग राहिलंय." आता पासिंग म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला लायक असल्याचा दाखला. एकाच शब्दात दोन निराळ्या गोष्टी बसल्या आहेत. ही गाडी कुणाची, ही एक, आणि ही गाडी धड आहे का, ही दुसरी.

मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दांचे असे घोटाळे माझ्या नजरेत लवकर येतात. पण हा घोटाळा नुसता भाषेचा नाही. मोटारसायकलीच्या बाबतीत तो आपल्या कायद्यातच आहे, आणि त्याला मोठा इतिहास आहे.

तपासणी कुणाची?

हिंदुस्थानभर लागू झालेला पहिला मोटार वाहन कायदा १९१४ चा. रस्त्यावर मोटारी मोजक्या होत्या. बहुतेक साहेब लोकांच्या, संस्थानिकांच्या किंवा बड्या व्यापाऱ्यांच्या. सरकारला मुख्यतः गाडीला नंबर आणि चालवणाऱ्याला परवाना हवा होता. पुढे १९३९ चा कायदा आला, तोवर भाड्याच्या बस आणि लॉऱ्या वाढल्या होत्या. या कायद्यानं प्रवासी आणि माल वाहणाऱ्या गाड्यांना योग्यता प्रमाणपत्र सक्तीचं केलं. जो पैसे घेऊन माणसं नेतो त्याची गाडी सरकार तपासणार, पण जो स्वतःच्या गाडीवरून फिरतो त्याची गाडी हा त्याचा खासगी मामला, असा त्यामागचा विचार होता.

त्या काळी तो चुकीचाही नव्हता. खासगी मोटारसायकल ही तेव्हा दुर्मिळ चीज होती. हे चित्र स्वातंत्र्यानंतर बदललं. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट इथे तयार होऊ लागली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरहून जावा आली, तिचीच पुढे येझदी झाली. एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या गाडीवरून राजदूत काढली. आपल्या महाराष्ट्रात बजाजनं १९७२ मध्ये पुण्याहून चेतक आणली आणि त्याच वर्षी अहमदनगरच्या कायनेटिकची लुना आली. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी करार झाले. १९८५ या एकाच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० बाजारात उतरली. याच काळात बजाजची एम ८० आली. दूधवाले, पाववाले, कापडाचे गठ्ठे नेणारे फेरीवाले यांनी तिला अक्षरशः गाढवासारखं राबवलं.

म्हणजे मोटारसायकल शौकाची वस्तू राहिली नाही, ती रोजीरोटीचं साधन झाली. मालेगावचा यंत्रमाग कामगार, सिडकोतला फिटर, भद्रकालीतला भाजीविक्रेता, तिघांचं पोट तिच्यावर. कायद्याच्या लेखी मात्र ती 'खासगी'च राहिली.

पंधरा वर्षांची मुदत

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४१ नुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. नूतनीकरणाच्या वेळी गाडी कार्यालयात नेऊन निरीक्षकाला दाखवायची. आपल्याकडच्या मोटारसायकलीची तपासणी ती हीच. नवी असताना पंधरा वर्षं एकदाही नाही, मग ती पंधरा वर्षं संपताना, मग विसाव्या वर्षी, मग पंचविसाव्या वर्षी.

दरम्यान जी तपासणी वारंवार होते ती फक्त धुराची, आपल्या बोलीतली 'पीयूसी'. नव्या गाडीला पहिलं वर्ष सूट असते. त्यानंतर दर सहा महिन्यांनी प्रमाणपत्र घ्यायचं, आणि बीएस चार व त्यापुढच्या मानकाची गाडी असेल तर वर्षातून एकदा. वार्षिक तपासणी म्हणावी अशी गोष्ट दुचाकीला एवढीच. त्यात होतं काय? गाडी जागेवर चालू ठेवतात, सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड व न जळलेलं इंधन किती बाहेर पडतंय ते यंत्र सांगतं.

यात जुन्या गाडीला सवलतही मोठी आहे. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत ९,००० पर्यंत चालतं. त्यानंतरच्या गाडीला ही मर्यादा ३.५ टक्के, आणि हायड्रोकार्बनसाठी टू-स्ट्रोकला ६,००० व फोर-स्ट्रोकला ४,५०० आहे. टू-स्ट्रोक इंजिनाची रचनाच अशी की ताज्या पेट्रोलचा काही हिस्सा न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो. तिला नव्या गाडीचा निकष लावला तर ती नापासच होणार. म्हणून जिची जशी ऐपत तशी तिची परीक्षा. हे न्यायाला धरून आहे, माझी तक्रार त्यावर नाही.

तक्रार अशी की या परीक्षेत ब्रेकचा प्रश्नच नाही. टायर, हेडलाइट, साखळी, हँडलचा कोनसेट यांतलं काहीच नाही. ब्रेक पार गेलेली गाडीसुद्धा धुराच्या परीक्षेत अव्वल नंबरानं पास होऊ शकते.

पास झाली म्हणजे काय झालं?

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या वडिलांसोबत मी नूतनीकरणाला गेलो होतो. त्यांना अर्ज भरता येत नव्हता. गाडी सोळा वर्षांची, रोज पहाटे पावाची पेटी वाहणारी. आम्ही निम्मा दिवस रांगेत होतो आणि प्रत्यक्ष तपासणीला पाच मिनिटंही लागली नाहीत. चॅसीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून पाहिला, दिवा लावून पाहिला, हॉर्न वाजवून पाहिला, झालं. बाहेर आल्यावर ते गृहस्थ हसून म्हणाले, "सर, पास तो हो गई, मगर ब्रेक तो किसीने देखाच नहीं." तिथून ते थेट गॅरेजवर गेले आणि मागचे ब्रेकशू बदलून घेतले. ते पार झिजले होते.

त्या दिवशी गाडीची खरी तपासणी गॅरेजमध्ये झाली. मिस्त्रीनं आधी गाडी मधल्या स्टँडवर चढवली. पुढचं चाक हातानं फिरवून डगमगतंय का ते पाहिलं, हँडल डावी-उजवीकडे फिरवून अडकतं का ते पाहिलं, साखळी बोटानं उचलून सैल किती ते पाहिलं. वायर, बल्ब, टायरच्या खाचा सगळं बघितलं. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, म्हणजे उस्ताद, गुरुजी. आमचे बिरादर म्हणा किंवा पेशानं भाऊ! जुन्या नाशकात आणि मालेगावात हे काम करणाऱ्यांत मुसलमान पोरं पुष्कळ. आठवी-नववीत शाळा सुटलेली, पण इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारी. आपल्या जुन्या गाड्या पन्नास वर्षं रस्त्यावर टिकल्या त्या यांच्या हातांमुळे, पण कुठल्याही सरकारी कागदावर त्यांची सही नाही.

जुन्या मोटारसायकली तपासणीत भरवशानं पास होतात का? गॅरेजवाल्यांना विचारा, नंबर नीट असला आणि कागद पुरे असले तर बहुतेक होतात, असंच सांगतील. पण शाळेत आम्ही ज्याला 'ढकलपास' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. सगळी मुलं पास झाली यावरून त्यांना वाचता येतं हे सिद्ध होत नाही. आधी पेपरात काय विचारलं होतं ते बघावं लागतं.

ब्रिटनचा पेपर

तुलनेसाठी ज्यांनी आपल्याला १९१४ आणि १९३९ चे कायदे दिले त्यांच्याकडे बघू. ब्रिटननं १९६० मध्ये खासगी गाड्यांची वार्षिक तपासणी सुरू केली, तिला तिकडे 'एमओटी' म्हणतात. सुरुवातीला ती फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना होती आणि त्यात ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग बघत. नापास होणाऱ्या गाड्या इतक्या निघाल्या की लवकरच वयाची अट सात वर्षांवर आणि १९६७ पर्यंत तीन वर्षांवर आणली. मोटारसायकलही त्यात आली.

तिथले निकाल सरकार प्रसिद्ध करतं आणि त्यातून एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसते. मोटारसायकली मोटारींपेक्षा बऱ्याच कमी प्रमाणात नापास होतात. ज्या होतात त्यांत दिव्यांचे दोष सगळ्यांत जास्त असतात. कारण साधं आहे. मोटारसायकलीचं सगळं उघड्यावर असतं. झिजलेला टायर, सैल साखळी, फुटलेला इंडिकेटर स्वाराला रोज दिसतो. सुटे भाग थोडे आणि दुरुस्ती सोपी. म्हणजे खरी परीक्षा घेतली तरी जुनी मोटारसायकल पास होऊ शकते. तिला ढकलपास करण्याची गरजच नाही. मिस्त्रीच्या हाताखालून गेलेली वीस वर्षांची स्प्लेंडर कुठल्याही तपासणीला भ्यायचं कारण नाही.

फी वाढली, पेपर तोच

आपल्याकडे बदल झाला तो दुसऱ्याच दिशेनं. मोटारसायकलीच्या नूतनीकरणाची फी अनेक वर्षं ६० रुपये होती. डिसेंबर २०१६ मध्ये ती ३०० झाली, एप्रिल २०२२ पासून १,००० आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी २,०००. महाराष्ट्रात पंधरा वर्षांपुढच्या दुचाकीला पर्यावरण कर आला, तो पाच वर्षांसाठी २,००० रुपये. त्यात उच्च सुरक्षा नंबरप्लेटचे करासह ५३१ रुपये धरा. म्हणजे वीस वर्षांपुढच्या गाडीला साडेचार हजार झाले, विमा आणि एजंट वेगळा. नूतनीकरणाला उशीर झाला तर नियमात महिन्याला ३०० रुपये जादा. चार वर्षं राहून गेलं तर नुसता उशिराचाच आकडा १४,४०० होतो. एवढ्या पैशांत तशीच दुसरी जुनी गाडी येते.

मग गरीब माणूस काय करतो? तो नूतनीकरण करतच नाही. गाडी चालते, कागद मेलेला असतो. याचा खरा मार अपघाताच्या दिवशी बसतो. तृतीय पक्षाचा विमा कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. तो नसेल तर समोरच्याला द्यायची भरपाई मालकाच्या डोक्यावर येते. आणि विमा असूनही भागतंच असं नाही. २०१४ मध्ये नरिंदर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणं हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे. त्यांच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला गेला. तो खटला तात्पुरत्या नोंदणीचा होता, पण धडा जुन्या गाडीवाल्यानंही घ्यावा असाच आहे. कर्ता माणूस, एक अपघात आणि हातात मुदत संपलेलं आरसी पुस्तक. अशी घरं मोहल्ल्यात शोधायला लांब जावं लागत नाही.

नाशिककडे यंत्र आहे

आपल्या शहरात हे अशक्य नाही. नाशिकला केंद्र सरकारच्या योजनेतून स्वयंचलित वाहन तपासणी केंद्र उभं राहिलं आहे. ट्रक, टेम्पो, रिक्षा यांसारख्या व्यावसायिक गाड्या तिथे यंत्रावर चढतात. रोलरवर ब्रेकची ताकद मोजली जाते, हेडलाइटचा झोत मोजला जातो. माणसाच्या नजरेवर आणि ओळखीवर काही सोडलेलं नाही. १९३९ मध्ये व्यावसायिक आणि खासगी अशी जी रेघ ओढली गेली तिच्या पलीकडे मोटारसायकल अजून उभी आहे. पण पावाची पेटी वाहणारी ती गाडी कुठल्या अर्थानं खासगी आहे?

मला वाटतं, फी कमी करावी आणि पेपर अवघड करावा. दर वर्षी धुरासोबत ब्रेक, टायर, दिवे आणि हँडल एवढं तपासलं जावं, आणि नापास गाडीला दुरुस्तीसाठी आठवडाभराची मुदत मिळावी. गॅरेजमधल्या पोरांना आयटीआयकडून थोडं प्रशिक्षण आणि दाखला देऊन हे काम सोपवता येईल. त्यांना हुनर आहे, फक्त मान्यता नाही. उशिराच्या दंडात एकदा माफी दिली तर मेलेले कागदही जिवंत होतील.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. घरातली गाडी पंधराच्या पुढे गेली असेल तर आज आरसी पुस्तकावरची तारीख बघा. ती टळून गेली असेल तर पुढचा महिना लागण्याआधी नूतनीकरणाला लावा. आणि ती 'पास' होऊन आली तरी घरी नेण्याआधी मिस्त्रीकडे न्या. त्याला सांगा, "उस्ताद, जरा ब्रेक देख लो."