लाल शाईपलीकडे : विद्यापीठातील लेखन-मार्गदर्शकाची गोष्ट

१/ महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तरी पहिल्या निबंधापाशी अनेकांची वाट खुंटते. अमेरिकी विद्यापीठांत अशा वेळी मदतीला 'रायटिंग सेंटर' असते आणि तिथे बहुधा विद्यार्थीच विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतात. लेखन-प्रयोगशाळा तिथे १९३० च्या दशकातही होत्या. पण या मार्गदर्शनाला आजचे रूप येण्यात न्यूयॉर्कमधील एका संघर्षाचा मोठा वाटा आहे.

२/ एप्रिल १९६९, हार्लेम. १८४७ मध्ये स्थापन झालेल्या सिटी कॉलेजात शिक्षण विनाशुल्क होते. परंतु गुणांची अट इतकी कडक, की भोवतालच्या वस्तीतील मुले आत अभावानेच दिसत. अखेर कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी दक्षिण आवाराची दारे लावून घेतली आणि आत ठाण मांडले.

३/ परिणाम दूरगामी झाला. १९७५ साठी आखलेली खुल्या प्रवेशाची योजना सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्येच अमलात आणली. शहरातील हायस्कूल उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला तिच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जागा मिळू लागली. त्या वर्षी सुमारे ३५,००० नवे विद्यार्थी दाखल झाले.

४/ त्यांचे निबंध पाहून अनेक प्राध्यापक हबकले. वाक्ये तुटलेली, प्रत्यय गळालेले. ही मुले उच्च शिक्षणाच्या योग्यतेचीच नाहीत, असा सूर उमटू लागला.

५/ सिटी कॉलेजातील मिना शॉनेसी यांनी मात्र असे सुमारे ४,००० निबंध बारकाईने अभ्यासले. १९७७ मध्ये त्यांचा 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हा ग्रंथ आला. त्यांचे प्रतिपादन असे, की या चुका बेशिस्त नाहीत. त्यांमागे तर्क आहे. घरच्या बोलीत 'ही वॉक' हेच नियमित रूप असेल, तर 'स' गळतो. आणि चुकण्याची धास्ती बसली, की तोच 'स' नको तिथेही चिकटतो. चूक ही बुद्धीची उणीव नसून शिकण्याच्या वाटेवरची खूण होती.

६/ त्याच काळात ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रुफी यांना दुसरीच अडचण जाणवली. मदतीची सोय असूनही विद्यार्थी तिकडे फिरकत नव्हते. त्यांना ती वर्गाचीच पुनरावृत्ती वाटे. म्हणून ब्रुफींनी विद्यार्थ्यांनाच मार्गदर्शक म्हणून तयार केले. प्राध्यापकापुढे मिटणारे तोंड सोबत्यापुढे उघडते, हे त्यांनी ओळखले होते.

७/ यातून एक पद्धत रुळली. मार्गदर्शक निबंध लिहून देत नाही आणि शक्यतो लेखणीही हाती घेत नाही. तो लिहिणाऱ्याला मजकूर मोठ्याने वाचायला सांगतो आणि विचारतो : इथे नेमके काय म्हणायचे आहे? १९८४ मध्ये स्टीफन नॉर्थ यांनी हीच भूमिका ठामपणे मांडली. केंद्राने हातातील कागद दुरुस्त करण्यावर न थांबता लिहिणाऱ्याला घडवावे, असा त्यांचा आग्रह होता.

८/ पुढचा काळ मात्र कठीण होता. शहराच्या आर्थिक संकटात १९७६ मध्ये विनाशुल्क शिक्षण संपले आणि अनेक अध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. १९७८ मध्ये शॉनेसी यांचे अवघ्या ५४ व्या वर्षी निधन झाले.

९/ तरीही त्यांनी मांडलेला प्रश्न मागे पडला नाही. ज्यांना पिढ्यान्पिढ्या बाहेर ठेवले, त्यांना आत घेतल्यावर संस्थेने काय करायचे? त्यांच्या चुका मोजायच्या, की त्या चुकांमागचा विचार वाचायचा? लेखन-मार्गदर्शक हे या प्रश्नाला मिळालेले एक उत्तर आहे.