हिदात्सा भाषा

हिदात्सा ही अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील फोर्ट बर्थोल्ड राखीव क्षेत्रात बोलली जाणारी सू भाषाकुळातील भाषा आहे. क्रो ही तिची सर्वांत जवळची भाषा होय. लष्करी शल्यचिकित्सक वॉशिंग्टन मॅथ्यूज यांनी तिचे व्याकरण व शब्दकोश १८७०च्या दशकात प्रसिद्ध केले.

== उच्चार ==
हिदात्सामध्ये 'म' आणि 'न' हे स्वतंत्र वर्ण मानले जात नाहीत. शब्दारंभी 'व'चा उच्चार 'म' आणि 'र'चा 'न' असा होतो. दोन स्वरांमध्ये मात्र 'व' व 'र' कायम राहतात. उदाहरणार्थ, 'तीन' या अर्थाचा शब्द मुळात 'रावी' असून त्याचा उच्चार 'नावी' असा होतो. जुन्या नोंदींत एकच शब्द कधी म, ब, व यांनी, तर कधी न, द, ल, र यांनी लिहिलेला आढळतो, त्याचे कारण हेच. मराठी 'चाक' या शब्दातील दंततालव्य 'च'सारखा ध्वनीही या भाषेत आहे.

== मूलभूत शब्द ==
* मिरी – पाणी (क्रो: बिले, डकोटा: म्नी)
* मिया – स्त्री
* अती – घर
* अवा – जमीन
* मशुका – कुत्रा

१ ते १० हे अंक नुएचा, नूपा, नावी, तोपा, किख़ू, अकावा, शापुआ, नूपापी, नुएचापी, पितिका असे आहेत. आठ व नऊ यांच्या नावांत अनुक्रमे दोन व एक हे अंक दिसतात. दहाला तितके उणे, असा त्यांचा अर्थ लावला जातो; मराठीतील 'एकोणीस'ची रचना अशीच आहे.

== साकाकाविया ==
लुईस व क्लार्क मोहिमेतील शोशोनी दुभाषी स्त्रीचे नाव हिदात्सा भाषेतील 'चकाका' (पक्षी) आणि 'मिया' या शब्दांपासून बनल्याचे मानले जाते. समासात 'मिया' स्वरानंतर येत असल्याने तिचे 'विया' होते. मेरिवेदर लुईस यांनी २० मे १८०५ रोजी या नावाचा अर्थ 'पक्षी-स्त्री' असा नोंदवला. इंग्रजीत रूढ झालेला 'ज' हा उच्चार मूळ शब्दात नाही. नॉर्थ डकोटात म्हणूनच 'क' असलेले रूप वापरतात.

== सद्यस्थिती ==
१८३७ च्या देवीच्या साथीत हिदात्सा लोकसंख्या मोठ्या प्रमाणावर घटली. पुढे गॅरिसन धरणामुळे १९५०च्या दशकात नदीकाठची गावे बुडून भाषकसमूह विखुरला. त्या जलाशयाला साकाकावियाचेच नाव आहे. आज ही भाषा अस्तंगत होण्याच्या धोक्यात असून तिच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न सुरू आहेत.